हत्ती गेला, शेपूट राहिलं : पोस्टग्रेसची नवी आवृत्ती बाहेर कशी पडते

८ एप्रिल २०२५. भारतात संध्याकाळचे साडेपाच वाजले आणि जगभर विखुरलेल्या काही शे प्रोग्रामरांसाठी एक दार बंद झालं. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या १८व्या आवृत्तीत नवीन काही घालायचं असेल तर ते या घडीपर्यंतच. साडेपाचच का? कारण त्या क्षणी पृथ्वीवरच्या सगळ्यात मागे असलेल्या घड्याळात, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या दोन निर्मनुष्य बेटांच्या वेळेनुसार, रात्रीचे बारा वाजून ८ तारीख लागली. 'आमच्याकडे अजून ७ तारीखच चालू आहे' ही पळवाट कुणालाच उरली नाही.

ही आवृत्ती लोकांच्या हातात पडली २५ सप्टेंबरला. म्हणजे साडेपाच महिन्यांनी.

मी छोट्या संस्थांचे डेटाबेस सांभाळतो. हे ऐकलं की तिथले लोक हमखास विचारतात, "सगळं लिहून झालंय ना? मग देऊन का टाकत नाहीत? साडेपाच महिने करतात काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे 'हत्ती गेला, शेपूट राहिलं' म्हणतात. पोस्टग्रेसचं बोधचिन्हही हत्तीच आहे, नाव स्लोनिक. रशियन भाषेत त्याचा अर्थ छोटा हत्ती. (आपल्याकडे छोटा हत्ती म्हटलं की टेम्पो उभा राहतो, त्याला इलाज नाही.) हा लेख त्या शेपटाबद्दल आहे.

आधी हत्तीची ओळख

डेटाबेस म्हणजे पेढीवरची किर्द-खतावणी, फक्त संगणकातली. जुन्या पेढीवर दिवाणजी प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपायचे आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवायचे. मधेच दिवा गेला तरी कीर्द पाहून खतावणी पुरी करता यायची. पोस्टग्रेस हुबेहूब हेच करतं. बदल आधी एका रोजकीर्दीसारख्या फाइलमध्ये लिहून डिस्कवर पक्का होतो, मगच 'झालं' असं उत्तर येतं. तुमच्या खात्यातून हजार रुपये वजा झाले आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर पुन्हा सुरू झाल्यावर दोन्ही नोंदी सापडतील किंवा एकही नाही. अर्धवट काही सापडणार नाही.

याची सुरुवात १९८६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विभागात झाली. मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकांनी आधी इनग्रेस नावाचा डेटाबेस केला होता. त्याच्या पुढचा म्हणून पोस्ट-इनग्रेस, म्हणजेच पोस्टग्रेस. पुढे विद्यापीठातलं काम थांबलं, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला होता. १९९६ पासून जगभरातले लोक मिळून तो वाढवत आले आहेत. याला ओपन सोर्स म्हणतात: कुणीही वाचा, कुणीही वापरा, कुणीही बदल सुचवा.

पण सुचवलेला बदल आत जाईलच असं नाही. आत घालण्याचा अधिकार, म्हणजे किल्ली, तीसेक माणसांकडे आहे. त्यांना कमिटर म्हणतात.

दिवाळी अंकाचं वेळापत्रक

ही सगळी व्यवस्था समजायला मला दिवाळी अंकाइतकं चपखल दुसरं काही सापडलेलं नाही. दिवाळी कुणासाठी थांबत नाही. म्हणून साहित्य पाठवायची शेवटची तारीख ठरते, मग संपादन, मुद्रितशोधन, छपाई. एखाद्या मोठ्या लेखकाची कथा उशिरा आली तर संपादक हळहळतो, पण अंक अडवत नाही. कथा पुढच्या वर्षी.

पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती अशीच दरवर्षी येते, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्याआधीच्या वर्षी जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर आणि मग जानेवारी, मार्च असे पाच महिने 'कमिटफेस्ट' भरतात. आलेले बदल एकमेकांनी वाचायचे, चुका काढायच्या, परत पाठवायचे. नियम असा की तुझा बदल कुणी वाचावा असं वाटत असेल तर तू आधी दुसऱ्याचा वाच. भिशीसारखं. एकेका कमिटफेस्टमध्ये शेकडो बदल रांगेत असतात, आणि त्यातले कितीतरी 'पुढच्या वेळी' म्हणून सरकवले जातात. दोन-दोन, तीन-तीन वर्षं सरकत राहिलेले बदलही आहेत.

मार्च संपतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धांदल उडते. शेवटच्या तारखेआधीच्या चार दिवसांत जितकं काही आत घुसतं, ते पाहून कॉलेजच्या सबमिशनची आठवण येते. मग ती साडेपाचची वेळ. तिचं नाव 'फीचर फ्रीझ'. यापुढे नवीन सोय नाही, फक्त दुरुस्ती.

गोठवल्यानंतर

दार बंद झालं की तीन जणांची एक टोळी कामाला लागते. तिला रिलीज मॅनेजमेंट टीम म्हणतात आणि ती दरवर्षी नव्याने नेमली जाते. त्यांच्याकडे एक यादी असते: या आवृत्तीत नव्याने शिरलेले, अजून न सुटलेले प्रश्न. प्रत्येक प्रश्नापुढे ज्याच्या बदलामुळे तो उद्भवला त्याचं नाव. यादी रिकामी होत नाही तोवर हे तिघं त्या-त्या माणसाच्या मागे लागतात. घरी लग्न असताना प्रत्येकाला 'तुझं काम झालं का रे' विचारत फिरणारी जी आत्या असते, तिचंच काम. फरक इतकाच की या आत्येला तुमचं काम रद्द करायचाही अधिकार आहे.

त्याच सुमाराला ब्रूस मोमजियन हे जुने कार्यकर्ते वर्षभराचे सगळे बदल एकेक करून वाचतात आणि त्यातून सामान्य वापरणाऱ्याला कळेल अशी 'काय बदललं' ही टिपणं तयार करतात. मला हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जो बदल चार ओळींत सांगताच येत नाही, त्यात बहुधा काहीतरी गडबड असते.

मग बीटा. बीटा म्हणजे 'चाखून बघा, पण पंगतीला वाढू नका' अशी आवृत्ती. १८चा पहिला बीटा ८ मे रोजी आला, दुसरा १७ जुलैला, तिसरा १४ ऑगस्टला. ४ सप्टेंबरला 'रिलीज कँडिडेट', म्हणजे काही सापडलं नाही तर हेच अंतिम. आणि तीन आठवड्यांनी खरंखुरं रिलीज.

आणखी एक: जूनअखेरीच्या सुमाराला कोडची फांदी वेगळी होते. १८ची फांदी बाजूला निघते आणि मुख्य खोडावर १९चं काम सुरू होतं. म्हणजे लोक १८ची वाट बघत असतात तेव्हा बनवणारे १९मध्ये शिरलेले असतात. पुढच्या वर्षीच्या अंकाची जुळवाजुळव यंदाचा अंक छापखान्यात असतानाच सुरू व्हावी, तसं.

सापसुरळी आणि तिचे भाऊबंद

नुसतं लोकांनी चाखून भागत नाही. पोस्टग्रेसबरोबर दोनशेहून अधिक चाचण्यांचा एक संच येतो. प्रत्येक चाचणी डेटाबेसला काही प्रश्न विचारते आणि आलेलं उत्तर आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी अक्षर-न्-अक्षर ताडून बघते. एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी नापास.

पण एकाच संगणकावर पास होऊन उपयोग नाही. कुणी लिनक्सवर चालवतं, कुणी विंडोजवर, कुणी मॅकवर. प्रोसेसरही वेगवेगळे. साधी गोष्ट घ्या. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा आधी पाच सांगतो, मग वीस. इंग्रजीत आधी ट्वेंटी, मग फाइव्ह. आकडा तोच, सांगायचा क्रम उलटा. प्रोसेसरांतही अशा दोन जाती आहेत: काही जण मोठ्या आकड्याचा लहान भाग आधी साठवतात, काही मोठा भाग. एका जातीच्या यंत्रावर बसून लिहिलेल्या प्रोग्राममध्ये नकळत तोच क्रम गृहीत धरला गेला, तर दुसऱ्या जातीच्या यंत्रावर पंचवीसचे बावन्न होणार.

म्हणून २००४ पासून 'बिल्डफार्म' आहे. जगभरातल्या स्वयंसेवकांनी आपापले संगणक यासाठी दिले आहेत. कोडमध्ये काहीही बदललं की ही यंत्रं आपणहून नवा कोड उचलतात, बांधतात, चाचण्या चालवतात आणि निकाल एका फलकावर लाल किंवा हिरवा लावतात. फार्म म्हटल्यावर यंत्रांना नावंही प्राण्यांची. त्यातल्या एकीचं नाव स्किंक, म्हणजे आपली सापसुरळी. ती नावाला शोभेल अशीच सरपटते, कारण तिच्यावर प्रोग्राम एका विशेष भिंगाखाली चालतो: मेमरीतली जी जागा आपली नाही तिला प्रोग्रामने हात लावला का, हे ती प्रत्येक पावलाला तपासते. बाकीच्यांचं काही मिनिटांत उरकतं तिथे हिला तास लागतात. पण बाकीच्यांना न दिसलेलं हिला दिसतं.

कमिटरने बदल आत घातला आणि फलकावर लाल दिसलं, तर जेवणाच्या पानावरून उठून दुरुस्ती करायची किंवा बदल परत घ्यायचा. इथे कुणी 'माझ्या मशीनवर चालतं' म्हणत नाही. म्हणजे म्हणतात, पण कुणी ऐकत नाही.

घातलेलं काढायचं

माझ्या मते रिलीजच्या तयारीतलं खरं काम हे आहे, आणि बाहेरच्यांना ते दिसतच नाही. नव्या आवृत्तीत काय आलं याच्या बातम्या होतात. काय काढलं याची बातमी होत नाही.

१७व्या आवृत्तीचं उदाहरण अगदी जवळून बघू. जानेवारी २०२४ मध्ये एक छान सोय आत आली होती. समजा तुमचं मंगल कार्यालय आहे. एकच हॉल एकाच वेळी दोघांना द्यायचा नाही, हा नियम डेटाबेसनेच पाळावा असं तुम्हाला वाटतं. १० ते १ असं बुकिंग असताना कुणी १२ ते ४ टाकायला गेलं तर डेटाबेसने तिथल्या तिथे हात धरावा. 'हॉल आणि कालावधी' मिळून नोंद ओळखायची एक किल्ली, आणि कालावधी एकमेकांवर चढता कामा नये. वर्षानुवर्षं लोक हे मागत होते.

मग कुणीतरी विचारलं: शून्य वेळेचं बुकिंग टाकलं तर?

प्रश्न येडपट वाटतो. पण पोस्टग्रेसमध्ये 'रिकामा कालावधी' ही चीज खरोखर आहे. आणि रिकामा कालावधी कशावरच चढत नाही, दुसऱ्या रिकाम्या कालावधीवरही नाही. म्हणजे त्याच हॉलच्या नावावर रिकाम्या कालावधीची एक नोंद, दोन नोंदी, दहा नोंदी, सगळ्या बिनदिक्कत आत. एकसारख्या दोन नोंदी कधीच असणार नाहीत, हे तर किल्लीचं मूळ वचन. तेच मोडलं. आणि या वचनावर विसंबून डेटाबेसचे इतर भाग निर्णय घेत असतात, त्यामुळे चूक तिथल्या तिथे थांबली नसती.

दुरुस्ती अशक्य नव्हती. पण तोवर मे उजाडला होता, आणि पायाशी निघालेली भेग घाईघाईत लिंपायची की सोय एक वर्ष पुढे ढकलायची, यात त्यांनी दुसरं निवडलं. सगळी सोय काढून टाकली. ती आली सप्टेंबर २०२५ मध्ये, १८ बरोबर. आता रिकामा कालावधी तिथे चालतच नाही.

हे एकदाच झालेलं नाही. 'ही नोंद आधीच असेल तर बदल, नसेल तर नवी घाल' असं एका दमात सांगणारा मर्ज हा आदेश एप्रिल २०१८ मध्ये ११व्या आवृत्तीसाठी आत आला आणि त्याच महिन्यात बाहेर गेला. परत आला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये, १५व्या आवृत्तीत. साडेचार वर्षं! आणि त्याच १५मधून जेसन या प्रकारच्या माहितीसाठीच्या सोयींचा एक अख्खा गठ्ठा १ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे रिलीजच्या दीड महिना आधी, काढण्यात आला. तोवर त्याची जाहिरात झाली होती, लोकांनी बीटामध्ये वापरून पाहिला होता. तो पुढे हप्त्याहप्त्याने १६ आणि १७ मध्ये आला.

ज्याने दोन-तीन वर्षं खपून ते लिहिलं, त्याला काय वाटत असेल? वाईटच वाटतं. त्यावरून खडाजंगीही होते.

अर्ध्या सेकंदाची गोष्ट

या तयारीच्या दिवसांतच घडलेला एक किस्सा पोस्टग्रेसच्या फार पलीकडे गेला. मार्च २०२४. फ्रीझ तोंडावर. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेसचा कमिटर (नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये) काही बदलांनी वेग किती वाढतो ते मोजत होता. असं मोजताना संगणकावर बाकी सगळं शांत लागतं. पण दूरवरून लॉगिन करू देणारा एक प्रोग्राम उगाच प्रोसेसर खात होता, आणि लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता.

अर्धा सेकंद. आपण चहाचा घोट घेतला असता. त्याला मात्र आठवलं की काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या स्वयंचलित चाचण्यांत त्याच सापसुरळीवाल्या भिंगाने एक विचित्र तक्रार केली होती. त्याने धागा ओढला. निघालं असं की एक्सझेड नावाच्या, फाइली लहान करणाऱ्या साध्या साधनात कुणीतरी चोरदार बसवलं होतं. हे करणाऱ्याने टोपणनावाने दोनेक वर्षं मदत करून विश्वास मिळवला होता. २९ मार्चला फ्रॉइंडने ते जाहीर केलं. तोवर ते लिनक्सच्या काही चाचणी-आवृत्त्यांत पोचलं होतं, जगभरच्या मुख्य सर्व्हरांत पोचायचं होतं.

हा योगायोग होता, हे मान्यच. पण 'आकडा जुळत नाही, का जुळत नाही?' ही खोड नसती तर योगायोगाला कोण विचारतं.

"फुकटचं आहे. बिघडलं तर धरायचं कुणाला?"

ही शंका प्रत्येक संचालक मंडळाच्या बैठकीत येते. सरळ उत्तर: कायद्याने कुणालाच नाही. लायसन्समध्ये स्वच्छ लिहिलंय की कसलीही हमी नाही. आता पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरचे करार बारीक अक्षरांसकट वाचा. तिथेही भरपाईची हमी शोधत बसाल.

'फुकट काम करणारे हौशी लोक' हे चित्रही अपुरं आहे. यातल्या बहुतेकांना पगार मिळतो. ईडीबी, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, फुजित्सू अशा कंपन्या आपल्या माणसांना याच कामासाठी ठेवतात. ईडीबीचं कार्यालय पुण्यातही आहे. या कंपन्यांचा धंदा पोस्टग्रेसवर चालतो, म्हणून तो नीट राहणं त्यांच्या फायद्याचं. पण मालक कुणीच नाही. कारभार पाहणाऱ्या सात जणांच्या कोअर टीममध्ये एकाच कंपनीची माणसं निम्म्याहून जास्त असू नयेत असा दंडक आहे. २०२० मध्ये एका कंपनीने दुसरी विकत घेतल्यावर हा तोल बिघडायची वेळ आली, तेव्हा टीममध्ये दोन माणसं वाढवून तो सावरला.

आणि ज्याला पैसे देऊन कुणाला तरी धरायचंच आहे, त्याने या कंपन्यांशी देखभालीचा करार करावा. वाटा खुल्या आहेत.

"एवढं करूनही चुका राहतातच ना?"

राहतात. १४वी आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली. त्यात वेग वाढवायला केलेल्या एका बदलामुळे, चालू कामकाज न थांबवता नवी सूची बांधली तर तीत काही नोंदी सुटण्याची शक्यता निर्माण झाली होती. सूची म्हणजे पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची असते तसलीच. पान जागेवर आहे, पण सूचीत त्याचा पत्ता नाही, म्हणून 'असं खातंच नाही' असं उत्तर यायचं. बिनबोभाट. सगळे बीटा, सगळे प्राणी, सगळ्यांच्या नजरेतून हे सुटलं. जून २०२२ मध्ये वेळापत्रक मोडून १४.४ ही दुरुस्ती-आवृत्ती काढावी लागली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तर दुरुस्तीच नडली. १४ तारखेच्या १७.१ मध्ये आतल्या एका रचनेचा आकार किंचित वाढला. पोस्टग्रेसला बाहेरून जोडायची काही एक्स्टेन्शन जुन्या आकाराचं माप घेऊन बांधलेली होती. डबा तोच, पण आत एक वाटी जास्त, झाकण बसेना. आठवड्यात, २१ तारखेला, १७.२ आली.

या दोन्ही वेळी मला बरं वाटलं ते एका गोष्टीचं: चूक काय, कुणाला धोका, काय करायचं, हे त्यांनी उघडपणे लिहिलं होतं. बँकेच्या 'तांत्रिक कारणास्तव सेवा खंडित' या पाटीची सवय असलेल्या माणसाला हे नवल वाटतं.

"आमचं चालतंय. कशाला हात लावू?"

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. नळ गळतो म्हणून वॉशर बदलणं वेगळं आणि बिऱ्हाड हलवणं वेगळं.

१८.० वरून १८.१ हे वॉशर. त्यात नवी सोय नसते, फक्त दुरुस्त्या. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर या महिन्यांच्या साधारण दुसऱ्या गुरुवारी त्या येतात. सोमवारी गाठोडं बांधलं जातं, मधल्या दिवसांत लिनक्स, विंडोज वगैरेंसाठी तयार पुडे होतात, गुरुवारी सगळ्यांना एकदम. प्रोग्राम बदलायचा, सर्व्हर बंद करून सुरू करायचा, पाच मिनिटांत मोकळे. हे टाळण्यात शहाणपण नाही, कारण दुरुस्ती जाहीर झाली की ती कुठली खिंडार बुजवते हे चोरालाही कळतं.

१७ वरून १८ हे बिऱ्हाड. डिस्कवर माहिती मांडायची पद्धतच बदललेली असू शकते. त्यासाठी पूर्वतयारी, बॅकअप, रंगीत तालीम हवी. घाई नको, पण कायमचं टाळताही येत नाही, कारण प्रत्येक आवृत्तीला पाचच वर्षं दुरुस्त्या मिळतात.

२०२३ साली एका पतसंस्थेने मला बोलावलं. ९.६ चालू होती. तिच्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२१ मध्येच थांबल्या होत्या. माझ्याआधी कुणीतरी धाडस करून नवी १३ टाकली होती आणि जुनं माहितीचं फोल्डर उचलून तिच्यापुढे ठेवलं होतं. सर्व्हर सुरूच होईना. पडद्यावर लिहून आलं होतं की हे फोल्डर ९.६ ने तयार केलेलं आहे आणि ते या १३शी जुळत नाही. मॅनेजरांचा चेहरा पांढराफटक. "साहेब, सगळी खाती गेली का हो?"

काहीही गेलं नव्हतं. ते वाक्य म्हणजे दारातला रखवालदार होता. कळत नसताना आत शिरून नासधूस करण्यापेक्षा बाहेरच थांबवायचं, हेही कुणीतरी विचार करूनच लिहून ठेवलेलं. जुना प्रोग्राम जुन्या फोल्डरवर परत लावला, पंधरा मिनिटांत काउंटर सुरू.

१३वर खरं स्थलांतर आम्ही नंतर एका रविवारी केलं, आधी दोनदा तालीम करून. तरी सोमवारी सकाळी पासबुकाची रांग दारापर्यंत गेली. कारण असं: कुठल्या तक्त्यात किती नोंदी, कुठली किंमत किती वेळा येते, याचे अंदाज डेटाबेस बाळगून असतो आणि त्यावरून शोधायचा जवळचा रस्ता ठरवतो. स्थलांतरात माहिती आली, अंदाज मागेच राहिले. गल्लीत नवा पोस्टमन आल्यासारखं. पत्ते सगळे आहेत, पण कुठल्या वाड्यात मागच्या दाराने शिरायचं ते माहीत नाही. अंदाज नव्याने मोजायचा आदेश शनिवारीच कागदावर लिहून ठेवला होता आणि रविवारी रात्री मीच विसरलो. १८व्या आवृत्तीपासून हे अंदाज बहुतांशी माहितीच्या सोबतच येतात. ती ओळ वाचली तेव्हा मला ती रांग आठवली.

परवा त्याच पतसंस्थेत १८चा विषय काढला. १३च्या पाच वर्षांची मुदत नोव्हेंबर २०२५ची, हे सांगितलं. बोलता बोलता एप्रिलचा फ्रीझ, यादी घेऊन मागे लागणारे तिघं, काढून टाकलेल्या सोयी, हेही सांगत बसलो. मॅनेजर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "यात समजावण्यासारखं काय आहे? आम्ही पंधरा मार्चनंतर साधा व्याजाचा दरसुद्धा बदलू देत नाही कुणाला. चेअरमनला पण नाही."

आणि कॅलेंडर काढून बिऱ्हाडाची तारीख बघायला लागले. मार्च एंड सोडून.